मारोतराव कन्नमवार

मारोतराव सांबशिव कन्नमवार (जन्म : १० जानेवारी १९००, मृत्यू : २४ नोव्हेंबर १९६३) हे स्वातंत्र्यसैनिक, काँग्रेसचे नेते आणि महाराष्ट्र राज्याचे दुसरे मुख्यमंत्री होते. दादासाहेब या नावाने ते ओळखले जात. विदर्भातून या पदावर पोहोचलेले ते पहिले नेते होत. २० नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी सूत्रे स्वीकारली आणि जेमतेम वर्षभराने, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या सार्वजनिक जीवनात दोन प्रश्न सतत उपस्थित होत राहिले. अल्पशिक्षित, गरीब घरचा कार्यकर्ता राज्य चालवू शकतो का, हा एक. आणि स्वतंत्र विदर्भाची बाजू घेतलेल्या नेत्याने महाराष्ट्राचा स्वीकार केल्यावर त्याच्या शब्दावर मतदाराने किती विश्वास ठेवावा, हा दुसरा.

पार्श्वभूमी

कन्नमवारांचे सार्वजनिक जीवन तत्कालीन मध्य प्रांतातील चांदा येथे घडले. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा चांदा या एकाच जिल्ह्यात होते. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. वर्धा, वैनगंगा आणि प्राणहिता या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश घनदाट अरण्याचा, गोंड व माडिया वस्तीचा आणि अहेरीसारख्या जुन्या जमीनदाऱ्यांचा. दक्षिणेला तेलंगण लागून असल्याने मराठी, गोंडी आणि तेलुगू या भाषा येथे शेजारी नांदतात. ‘वार’ने संपणारी आडनावे या भागात घरोघरी आढळतात. मुंबई-पुण्याच्या वाचकाला मात्र कन्नमवार हे आडनाव १९६२ पर्यंत बरेचसे अपरिचित होते.

ते बेलदार समाजातील होते. दगडफोड आणि बांधकामाच्या कामासाठी गावोगाव फिरणारा हा समाज. त्याला ना जमिनीचा आधार होता, ना संख्याबळाचा. घरच्या गरिबीमुळे कन्नमवारांना उच्च शिक्षण घेता आले नाही. उपजीविकेसाठी त्यांनी वर्तमानपत्रे विकली. पत्नी गोपिकाबाई यांनी खानावळ चालवून संसाराला हातभार लावला, आणि पतीच्या तुरुंगवासाच्या काळात घर त्यांच्याच कष्टावर चालले. वकील, मालगुजार आणि सधन व्यापारी यांच्या हाती असलेल्या तत्कालीन प्रांतिक राजकारणात असा कार्यकर्ता वर येणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

स्वातंत्र्य चळवळ

तरुणपणीच ते राष्ट्रीय चळवळीकडे ओढले गेले. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर मध्य प्रांताच्या मराठी जिल्ह्यांत काँग्रेसचे काम खेड्यांपर्यंत पोहोचू लागले, आणि चांद्यात ते पोहोचविणाऱ्यांत कन्नमवार आघाडीवर होते. चळवळीत त्यांना कारावास भोगावा लागला. ऑगस्ट १९४२ मध्ये याच जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला. त्यानंतरच्या दडपशाहीने चिमूरचे नाव देशभर पोहोचविले. स्वातंत्र्योत्तर निवडणुकांत येथील काँग्रेसला जो विश्वास लाभला, त्याच्या मुळाशी हा इतिहास होता.

वक्तृत्व किंवा विद्वत्ता यांपेक्षा संघटन हे कन्नमवारांचे बळ होते. तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांशी त्यांचा वैयक्तिक संबंध असे. त्या जोरावर ते नागपूर प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मध्य प्रदेश मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आरोग्य खाते आले. तेव्हा राज्याची राजधानी नागपूर होती.

विदर्भाचा प्रश्न

राज्यांच्या भाषावार पुनर्रचनेची चर्चा सुरू झाली तेव्हा विदर्भातील काँग्रेस दुभंगली. एका गटाने २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराद्वारे महाराष्ट्रात सामील होण्याची तयारी दर्शविली. ब्रिजलाल बियाणी, लोकनायक बापूजी अणे आदी नेते स्वतंत्र विदर्भाच्या बाजूचे होते. नागपूर प्रदेश काँग्रेसचे नेते म्हणून कन्नमवारांची सहानुभूतीही विदर्भाकडेच होती. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली, तेव्हा ही मागणी मान्य झाल्यासारखेच वातावरण निर्माण झाले.

प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि नागपूरचे राजधानीपद गेले. कन्नमवारांनी पक्षश्रेष्ठींचा निर्णय मानला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या निर्मितीलाही त्यांनी पाठिंबा दिला. यशवंतराव चव्हाण यांना विदर्भातील काँग्रेस आपल्या बाजूला ठेवता आली, त्यात कन्नमवारांच्या सहकार्याचा वाटा मोठा होता. विदर्भवाद्यांच्या दृष्टीने मात्र हा मागणीचा त्याग होता, आणि त्या बदल्यात मंत्रिपद मिळाले असा अर्थ त्यातून काढला गेला. हा आरोप पूर्णतः न्याय्य म्हणता येत नाही. कन्नमवार १९५२ पासूनच मंत्री होते आणि पक्षशिस्त ही त्यांच्या राजकारणाची जुनी सवय होती. पण भूमिका बदलली हे खरे, आणि त्या बदलाचे समर्थन मतदारांपुढे करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली हेही खरे.

१९५७ आणि १९६२ च्या निवडणुका

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसचा धुव्वा उडविला. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात यांनी मुंबई राज्यातील काँग्रेसची सत्ता वाचविली. चांदा जिल्ह्यात तेव्हा आणखी एक मोठी घडामोड ताजी होती. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चांदा येथे हजारो अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली होती, आणि बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या रूपाने काँग्रेसला जिल्ह्यातच एक सुशिक्षित, तरुण प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. अशा परिस्थितीतही कन्नमवार विधानसभेवर निवडून आले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर चव्हाणांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे इमारती व दळणवळण हे खाते होते. विदर्भाचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. बापूजी अणे १९५९ च्या पोटनिवडणुकीत नाग विदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्याने नागपूरमधून लोकसभेवर गेले होते. वयाच्या ऐंशीनंतर, १९६२ मध्येही, त्यांनी ती जागा राखली. विदर्भाशी कोण प्रामाणिक राहिले हाच त्या प्रचारातील कळीचा प्रश्न होता, आणि काँग्रेसच्या बाजूने त्याला तोंड देण्याची पाळी सर्वांत आधी कन्नमवारांवर येई.

१९६२ चा चांदा जिल्ह्यातील निकाल या दृष्टीने लक्षात घेण्यासारखा आहे. राज्यात काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या आणि कन्नमवार सावली मतदारसंघातून निवडून आले. त्याच वेळी चांदा लोकसभा मतदारसंघात मात्र काँग्रेसचा पराभव होऊन लाल श्यामशहा हे अपक्ष उमेदवार विजयी झाले. श्यामशहा सध्याच्या छत्तीसगढमधील पानाबरस जमीनदारीचे. म्हणजे प्रांताच्या हद्दीबाहेरचे. आदिवासींचा नेता अशी त्यांची ओळख होती, आणि अरण्यातील मतदाराच्या लेखी ती राज्याच्या सीमारेषेपेक्षा महत्त्वाची ठरली. पक्षाचे नाव एवढ्यावर हा जिल्हा काँग्रेसच्या मागे उभा राहत नव्हता, हे त्यातून दिसते. कन्नमवारांचा विजय बऱ्याच अंशी व्यक्तिगत संपर्काचा होता.

मुख्यमंत्रिपद

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि त्या जागी चव्हाणांना दिल्लीला बोलावण्यात आले. मागे नेतृत्व कोणाकडे द्यावे हा प्रश्न निर्माण झाल्यावर ज्येष्ठत्व, निष्ठा आणि विदर्भाला प्रतिनिधित्व या तिन्ही कसोट्यांवर कन्नमवारांचे नाव पुढे आले. मराठाबहुल पक्षात अत्यल्पसंख्य समाजातील नेत्याची निवड झाली. चव्हाणांची राज्यावरील पकड त्यामुळे सैल होत नव्हती, हेही त्या निवडीचे एक कारण मानले जाते.

शिक्षणाविषयीचा जुना आक्षेप आता राजधानीत नव्याने पुढे आला. इंग्रजी पत्रसृष्टी, सनदी अधिकारी आणि अनुभवी विरोधक यांच्यापुढे हा माणूस टिकेल का, अशी शंका घेतली गेली. चव्हाणांच्या अनुपस्थितीत जागा राखणारा नेता अशीही त्यांची संभावना झाली. त्यांची कारकीर्द आणीबाणीच्या सावटाखाली गेली. संरक्षण निधी उभारण्यासाठी त्यांनी राज्यभर दौरे केले. याच काळात, ऑगस्ट १९६३ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली मुंबई बंद झाली. स्वतंत्र धोरणाचा ठसा उमटविण्याइतका अवधी त्यांना मिळालाच नाही, त्यामुळे त्यांच्या प्रशासकीय कुवतीविषयीचा वाद अनिर्णित राहिला.

२४ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. पी. के. सावंत यांनी काही दिवस हंगामी मुख्यमंत्री म्हणून काम पाहिले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी विदर्भातीलच वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. सलग दोन मुख्यमंत्री विदर्भाचे झाल्याने स्वतंत्र राज्याच्या मागणीची धार बोथट झाली, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे.

निधनानंतर

१९६४ मध्ये लाल श्यामशहा यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना आदिवासींच्या प्रदेशात वसविण्यास त्यांचा विरोध होता. त्यामुळे झालेल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने गोपिकाबाई कन्नमवार यांना उमेदवारी दिली आणि त्या निवडून आल्या. खानावळ चालविणाऱ्या ताई कन्नमवार अशा रीतीने संसदेत पोहोचल्या. १९६७ मध्ये मात्र ही जागा पुन्हा अपक्ष उमेदवाराकडे गेली.

मुंबईत विक्रोळी येथील कन्नमवार नगर ही मोठी वसाहत त्यांच्या नावाने ओळखली जाते. गडचिरोली जिल्ह्यातील रेगडी येथील दिना नदीवरील जलाशयालाही कन्नमवार यांचेच नाव आहे.