कॉलिन मिचेल : एडनच्या रणातून सुरुंगमुक्तीच्या कार्याकडे

एडन हे नाव मराठी माणसाच्या परिचयाचे आहे ते वासुदेव बळवंत फडके यांच्यामुळे. १८८३ साली या आद्य क्रांतिकारकाने तेथील तुरुंगात अखेरचा श्वास घेतला, तेव्हा एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे. त्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी, ब्रिटिश साम्राज्य तेथून काढता पाय घेत असताना, याच शहराने एका लष्करी अधिकाऱ्याला ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचवले. लेफ्टनंट कर्नल कॉलिन कॅम्पबेल मिचेल हे त्यांचे नाव. त्यांची कीर्ती युद्धाची असली, तरी त्यांच्या हातून घडलेले सर्वांत टिकाऊ काम युद्धानंतरच्या भूमीचे आहे.

मिचेल यांचा जन्म १९२५ चा. १९४३ साली ते साधे शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले आणि पुढे आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीत अधिकारी झाले. इटली, पॅलेस्टाइन, कोरिया, सायप्रस, बोर्निओ अशा एकामागून एक रणभूमी त्यांनी पाहिल्या. साम्राज्याचा अस्त आणि त्यांची सेवा जणू हातात हात घालून चालली होती.

जून १९६७ मध्ये एडनमध्ये स्थानिक सैन्य आणि पोलीस यांनी बंड केले. एकाच दिवसात वीसहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले आणि मृत ज्वालामुखीच्या मुखात वसलेली क्रेटर ही दाट वस्ती ब्रिटिशांच्या हातून गेली. ३ जुलै रोजी मिचेल यांनी आपली पलटण बॅगपाइपच्या सुरांत क्रेटरमध्ये नेली आणि फारसा रक्तपात न होता वस्ती पुन्हा ताब्यात घेतली. वृत्तपत्रांनी त्यांना ‘मॅड मिच’ हे टोपणनाव बहाल केले. त्यानंतर त्यांनी वस्तीवर बसवलेला कडक अंमल मात्र वादग्रस्त ठरला. स्थानिक नागरिकांना अमानुष वागणूक दिल्याचे आरोप त्यांच्या पलटणीवर झाले. वरिष्ठांनाही त्यांची प्रसिद्धी रुचली नाही. जनतेला अपेक्षित असलेले शौर्यपदक त्यांना मिळाले नाही. युद्धवृत्तातील नामोल्लेखावर त्यांची बोळवण झाली. नोव्हेंबर १९६७ अखेर ब्रिटिशांनी एडन कायमचे सोडले. ज्या वस्तीसाठी इतका अट्टहास झाला, ती पाच महिन्यांतच हातची गेली.

१९६८ साली त्यांनी सैन्याचा राजीनामा दिला. त्यांची पलटण विसर्जित करण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्धच्या मोहिमेत ते अग्रभागी होते. या मोहिमेच्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. १९७० मध्ये ते हुजूर पक्षाचे खासदार म्हणून वेस्ट अॅबर्डीनशायरमधून निवडून आले. पण संसदेत त्यांचे मन रमले नाही आणि १९७४ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या या माणसाचे कर्तृत्व येथेच संपले, असे वाटावे अशी ही स्थिती होती.

तसे झाले नाही. १९८८ साली, अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौजा माघार घेत असताना, मिचेल, त्यांच्या पत्नी स्यू आणि माजी लष्करी अधिकारी गाय विलोबी यांनी काबूलमध्ये हेलो ट्रस्टची स्थापना केली. सैन्ये निघून जातात, पण त्यांनी पेरलेले भूसुरुंग शेतात, पाणवठ्यावर, शाळेच्या वाटेवर वर्षानुवर्षे दबा धरून राहतात. तह झाल्याचे सुरुंगाला कळत नाही. गुराख्याचा पाय आणि सैनिकाचा पाय यांतला फरकही त्याला कळत नाही.

हेलोने स्वीकारलेली पद्धत साधी आणि चिकाटीची होती. स्थानिक स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण व वेतन द्यायचे. आखलेल्या अरुंद पट्ट्यात गुडघ्यांवर बसून शोधकयंत्राने आणि हाताने जमीन इंच इंच तपासायची. ती निर्धोक झाली की गावकऱ्यांच्या हवाली करायची. अफगाणिस्तानानंतर कंबोडिया, मोझांबिक, अंगोला येथे हे काम पसरले. मोझांबिक २०१५ साली भूसुरुंगमुक्त घोषित झाला.

अशा संस्थेच्या कारभाराची जबाबदारी विलक्षण असते. ब्रिटनमधील धर्मादाय संस्थांचे विश्वस्त सर्वसाधारणपणे विनावेतन काम करतात; पण निधीच्या विनियोगाची आणि संस्थेच्या धोरणाची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर असते. परदेशातील मराठी मंडळांत असे पद भूषवलेल्या वाचकांना हे ठाऊक आहे. येथे मात्र हिशेबातली चूक केवळ ताळेबंदात राहत नाही. प्रशिक्षणात किंवा साधनसामग्रीत केलेली काटकसर कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते, आणि तो जीव बैठकीच्या खोलीपासून हजारो मैल दूर असतो.

ज्यांनी युद्धे केली, त्यांनीच युद्धाचा कचरा उपसण्याच्या संस्था चालवाव्यात काय, हा प्रश्न मिचेल यांच्याबाबतीत टाळता येत नाही. सुरुंग कोठे आणि का पेरले जातात, हे सैनिकाला नेमके ठाऊक असते, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे प्रत्येकाने आपले द्यावे. हेलोच्या कामाने क्रेटरमधील आरोप पुसले जात नाहीत आणि त्या आरोपांमुळे मोकळ्या झालेल्या शेतांचे मोलही उणे होत नाही.

२० जुलै १९९६ रोजी मिचेल यांचे निधन झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी, जानेवारी १९९७ मध्ये, राजकन्या डायना अंगोलातील हुआंबो येथे हेलोने मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून चालल्या आणि ते छायाचित्र जगभर पोहोचले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओटावा येथे भूसुरुंगबंदीच्या करारावर सह्या झाल्या. यांपैकी काहीच मिचेल यांना पाहता आले नाही. एडनमध्ये त्यांनी काबीज केलेली वस्ती साम्राज्याला पाच महिनेही राखता आली नाही. त्यांच्या संस्थेने मोकळी केलेली जमीन मात्र आजही कसली जाते.