ग्राहक गेले, घड्याळ पूर्ण झाले : अब्राहम-लुई ब्रेगे



मागच्या कोजागरीला आपल्या मंडळातील एका कुटुंबाचा मुलगा सुटीवर आला होता. त्याच्या मनगटावर एक वेगळेच घड्याळ होते. तासकाटा नाही, तबकडीवर एक बारीक खिडकी आणि तिच्यात तासाचा आकडा. तास भरला की आकडा टुणकन बदलतो. मागच्या बाजूला क्रमांक कोरलेला, म्हणजे अशी घड्याळे मोजकीच केलेली. सेल नाही, सगळे किल्ली आणि स्प्रिंगवर. किंमत ऐकून आम्हां तीन-चार निवृत्त बँकवाल्यांचा दुधाचा पेला हातातच राहिला. वेळ तर मोबाइलही दाखवतो, मग हे कशासाठी, असा प्रश्न आम्ही विचारलाच. त्याने उत्तरादाखल एकच नाव सांगितले, ब्रेगे. त्या नावाचा माग काढता काढता जे वाचनात आले, ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

अब्राहम-लुई ब्रेगे यांचा जन्म 10 जानेवारी 1747 रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. अकराव्या वर्षी वडील गेले. आईने पुन्हा लग्न केले. सावत्र वडिलांचे घराणे घड्याळवाल्यांचे, त्यामुळे मुलालाही त्याच धंद्यात घातले. पंधराव्या वर्षी तो व्हर्साय येथे उमेदवारी करू लागला आणि संध्याकाळी पॅरिसच्या एका महाविद्यालयात गणित शिकू लागला. 1775 साली त्यांचे लग्न झाले आणि त्याच सुमारास पॅरिसमध्ये सीन नदीकाठच्या रस्त्यावर त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. त्या रस्त्याचे नावच घड्याळाचा धक्का असे आहे. पाचच वर्षांत पत्नी वारली. पदरी एक लहान मुलगा राहिला. ब्रेगे यांनी पुन्हा लग्न केले नाही.

त्या काळचे खिशातील घड्याळ रोज किल्ली देऊन चालवावे लागे. ब्रेगे यांनी घड्याळात एक वजन असे बसवले की माणूस चालला की ते वर-खाली हलावे आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जावी. ही कल्पना अगदी पहिली त्यांचीच होती असे नाही, पण भरवशाने चालणारी अशी घड्याळे त्यांनी केली आणि सरदार-दरकदार त्यांच्या दुकानी येऊ लागले. घड्याळ खाली पडले तर चक्राचा नाजूक आस मोडू नये म्हणून त्याला लवचीक आधार दिला, तोही त्यांनीच. टोकाजवळ पोकळ गोल असलेले त्यांचे काटे आजही ब्रेगे काटे म्हणूनच ओळखले जातात.

1783 साली राणी मारी आंत्वानेतसाठी एक मागणी आली. त्या काळी घड्याळात जे जे करता येते ते सर्व एकाच घड्याळात हवे होते. किमतीला मर्यादा नाही, मुदतीलाही नाही. शक्य तिथे इतर धातूंऐवजी सोने वापरायचे. या घड्याळाचा वहीतील क्रमांक 160. त्यात आपोआप किल्ली भरण्याची सोय, कळ दाबताच तास-मिनिटांचे ठोके, कायमचे पंचांग, तापमापक आणि एका तासावरून दुसऱ्यावर उडी मारणारा तासकाटा होता. कोजागरीला पाहिलेल्या त्या उडीचे एक मूळ इथे सापडते. शिवाय सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतला फरक दाखवण्याचीही सोय होती. आपल्याकडे इंदूर-उज्जैनच्या मंडळींनी उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्राची सावली वाचून तक्त्यावरून दुरुस्ती केली असेल, त्यांना हा फरक ठाऊक आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सुमारे 16 मिनिटे पुढे असतो, तर फेब्रुवारीत सुमारे 14 मिनिटे मागे. तो हिशेब खिशात मावेल एवढ्या यंत्रात बसवायचा होता.

काम चालू असतानाच 1789 ची क्रांती झाली. ब्रेगे यांचे ग्राहक म्हणजे राजघराणे आणि उमराव. कुणी देश सोडून पळाले, कुणाचा शिरच्छेद झाला. अशा ग्राहकांचा घड्याळवालाही संशयितच. त्यांना वाचवले ते मित्राने, आणि हा मित्र होता क्रांतीतला जहाल पुढारी मारा, तोही न्यूशातेलकडचाच. एकदा जमाव माराच्या जिवावर उठला असता ब्रेगे यांनी त्याला म्हातारीच्या वेषात हात धरून बाहेर काढले, अशी हकिकत सांगतात. 1793 साली माराने ब्रेगे यांना प्रवासाचा परवाना मिळवून दिला. त्याच जुलैत माराचा खून झाला आणि ऑक्टोबरमध्ये राणीला गिलोटिनवर चढवले. तोवर ब्रेगे मुलासह स्वित्झर्लंडला पोचले होते.

1795 साली ते परतले तेव्हा धंदा जवळजवळ नव्यानेच उभा करायचा होता. इथे आम्हां बँकवाल्यांना त्यांचे फार कौतुक वाटते. त्यांनी एक साधे, मजबूत, एकाच काट्याचे घड्याळ काढले. मोठ्या तबकडीवर प्रत्येक तासाचे पाच-पाच मिनिटांचे बारा भाग, आणि एकाच काट्यावरून वेळ अंदाजे वाचायची. मागणीबरोबर चौथा हिस्सा आगाऊ, बाकी घड्याळ हाती आल्यावर. खेळते भांडवल ग्राहकाकडूनच उभे राहिले, व्याजाचा बोजा नाही, आणि माल विकला जाईल याची खात्री. अशी सुमारे 700 घड्याळे गेली.

त्याच धर्तीवर त्यांनी स्पर्शाचे घड्याळही केले. डबीच्या बाहेर एक बाण आणि कडेने तासांचे उंचवटे. अंधारात किंवा चारचौघांत घड्याळ बाहेर न काढता बोटांनी वेळ कळे. आमच्या ओळखीचे एक ज्येष्ठ सदस्य दृष्टी गेल्यावर काच उघडून काटे चाचपत आणि मंडळाच्या कार्यक्रमाला सर्वांच्या आधी हजर असत. त्यांची आठवण हे वाचताना झाली.

26 जून 1801 रोजी त्यांना तूरबियोंचे पेटंट मिळाले. खिशात घड्याळ उभे राहते, त्यामुळे वजनाचा ओढ एकाच बाजूला पडून वेळ चुकते. म्हणून तोल राखणारे चक्र एका पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच फिरता ठेवला, म्हणजे चुका एकमेकींना छेद देतात. नेपोलियनची बहीण, नेपल्सची राणी कारोलिन, हिच्यासाठी 1810 ते 1812 मध्ये त्यांनी केस आणि सोन्याच्या धाग्याच्या पट्ट्यावर बसणारे लांबट घड्याळ केले. मनगटासाठी खास बनवलेल्या ज्ञात घड्याळांत ते अगदी सुरुवातीचे. ते आज कुठे आहे हे कुणाला ठाऊक नाही. ते होते हे कळते फक्त दुकानाच्या वह्यांवरून. क्रमांक, ग्राहक, किंमत, पुढची दुरुस्ती, सगळे लिहिलेले. खोटी ब्रेगे घड्याळे बाजारात आली तेव्हा त्यांनी तबकडीवर सहज न दिसणारी गुप्त सही कोरायला सुरुवात केली.

पुढे विज्ञान अकादमीचे सदस्यत्व आणि इतर मानसन्मान मिळाले. 17 सप्टेंबर 1823 रोजी ब्रेगे वारले.

क्रमांक 160 मात्र अपुराच होता. बँकेत अशा खात्याला आम्ही बुडीत म्हटले असते. मागणी देणारे राहिले नाहीत, जिच्यासाठी करायचे ती राहिली नाही, ज्याने घेतले तोही गेला. मधली काही वर्षे काम थांबलेही होते. तरी 1827 साली, मागणीनंतर 44 वर्षांनी, मुलाच्या कारकिर्दीत ते पूर्ण झाले. पुढे सर डेव्हिड सॅलोमन्स या इंग्रज संग्राहकाने 1917 साली ते घेतले. त्यांच्या मुलीने संग्रह जेरुसलेमच्या संग्रहालयाला दिला. 1983 साली तिथून चोरी झाली आणि वीसहून अधिक वर्षांनी ते सापडले. आज ते पुन्हा काचेआड आहे.

खातेदार वारला तरी त्याची रक्कम बँकेला सांभाळावी लागते, हे आम्ही नोकरीभर केले. ते नियम म्हणून केले. इथे नियम कुणाचाच नव्हता. वहीत लिहिलेली एक ओळ होती, आणि ती पुरी करायची असे एका कुटुंबाने मानले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात वडिलांचे किल्लीचे घड्याळ पडून असेल. त्याची किंमत काढायला जाऊ नका. एका कागदावर ते कुणी, कधी, कुठून घेतले, कुणी दुरुस्त केले एवढे लिहून डबीत ठेवा. आम्ही आमच्या वडिलांच्या घड्याळापाशी तो कागद लिहायला बसलो, तेव्हा दुकानाचे नाव आठवेना आणि विचारायला घरात कुणी उरले नव्हते. तुमच्याकडे अजून कुणी असेल तर आजच विचारा.