देवगिरीचे ताल आणि पॅरिसचा ऑर्गनवादक

नोकरीत असताना तीन वर्षे माझी बदली तेव्हाच्या औरंगाबादला होती. घरी पाहुणे आले की त्यांना दौलताबादचा किल्ला दाखवायचा हे ठरलेलेच. गाईड तोफ दाखवायचा, अंधारी वाट दाखवायचा, तुघलकाची हकिकत रंगवून सांगायचा. पण याच देवगिरीत, यादव राजा सिंघणाच्या पदरी राहून शारंगदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला, हे काही कधी कानावर आले नाही. मलाही ते ठाऊक नव्हते. कळले ते निवृत्तीनंतर, आणि तेही एका फ्रेंच माणसाचे चरित्र वाचताना! त्याचीच ही ओळख.

ऑलिव्हिए मेसिआं यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों गावी झाला. वडील इंग्रजीचे शिक्षक, शेक्सपिअरचे भाषांतरकार. आई सेसिल सोव्हाज कवयित्री. हा मुलगा पोटात असतानाच तिने त्याला उद्देशून कविता लिहिल्या होत्या. पहिल्या महायुद्धात वडील आघाडीवर गेले, तेव्हा हा लहानगा घरी पुठ्ठ्याचे रंगमंच करून, त्यावर रंगीत कागदांतून उजेड पाडून धाकट्या भावाला शेक्सपिअरची नाटके करून दाखवायचा. पियानो आपला आपणच शिकला. अकराव्या वर्षी पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात दाखल झाला. आई मात्र १९२७ मध्ये, तो अठरा वर्षांचा असताना गेली.

१९३१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पॅरिसच्या 'ला त्रिनिते' चर्चमध्ये त्यांची मुख्य ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. इथे थोडे थांबून सांगतो. ऑर्गन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बालगंधर्वांच्या नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन येतो. चर्चमधला ऑर्गन म्हणजे एक भिंतच असते. लहानमोठ्या शेकडो-हजारो नळ्या, एकावर एक पट्ट्यांच्या रांगा, आणि पायाखालीसुद्धा पट्ट्या; म्हणजे पायांनी हवा भरायची नाही, सूर वाजवायचे. नेमणुकीआधी मेसिआंना आश्वासन द्यावे लागले होते की नव्या धर्तीच्या संगीताने भाविकांच्या प्रार्थनेत व्यत्यय आणणार नाही. तरी पुढे तक्रारी झाल्याच. पण त्यांनी ती जागा सोडली नाही. १९३१ ते १९९२, साठ वर्षे एकाच आसनावर, मध्ये बदली नाही! आम्हा बँकवाल्यांना हे वाचून हेवाच वाटायचा.

खंड पडला तो युद्धाचा. नजर अधू म्हणून त्यांना लढाईऐवजी वैद्यकीय सेवेत घेतले होते. १९४० मध्ये जर्मनांनी पकडले आणि गोर्लित्झ इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत ठेवले. (ती जागा आज पोलंडमध्ये आहे.) उपासमार, थंडी. छावणीतल्या एका जर्मन पहारेकऱ्याने त्यांना कागद-पेन्सिली मिळवून दिल्या, लिहायला निवांत जागाही दिली. कैद्यांमध्ये एक व्हायोलिनवाला, एक चेलोवाला आणि एक क्लॅरिनेटवाला होता. जुना, पट्ट्या अडकणारा एक पियानो मिळाला. या चौघांसाठी मेसिआंनी जी रचना केली तिचे नाव 'काळाच्या अंतासाठी चौकडी'. १५ जानेवारी १९४१ ला बाहेर बर्फ असताना ती छावणीच्या बराकीत वाजली. ऐकायला कैदी आणि त्यांचे पहारेकरी एकत्र बसले होते.

आता खरी गंमत बघा. या रचनेच्या पहिल्याच भागात क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पक्ष्यांचे आवाज काढतात आणि खाली पियानो ज्या लयीत फिरत राहतो ती तीन तालांतून घेतली आहे: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. हे तिन्ही शारंगदेवाच्या यादीतले! संगीतरत्नाकरात १२० देशी ताल दिले आहेत. एका फ्रेंच संगीतकोशात ती यादी छापली होती, ती विद्यार्थिदशेत मेसिआंच्या हाती लागली. त्यातल्या लहानमोठ्या, असमान मात्रांनी ते वेडे झाले. ढेंकी नावाचा ताल गुरु-लघु-गुरु असा आहे. उलटा वाजवा, तसाच राहतो. आपण लहानपणी 'चिमा काय कामाची' उलटे वाचून हसायचो, तसेच हे. असे सुलट-उलट सारखे ताल मेसिआंनी आयुष्यभर वापरले. आपल्याकडे मात्र ते ताल पोथीतच राहिले, याची मला थोडी खंत वाटते.

सुटकेनंतर ते संगीत विद्यालयात शिकवू लागले. बुलेझ, स्टॉकहाउझेन, झेनाकिस ही पुढे गाजलेली मंडळी त्यांच्या वर्गातली. झेनाकिस मूळचे इंजिनिअर, वास्तुरचनेचे काम करणारे. इतरांनी त्यांना संगीताचे प्राथमिक धडे गिरवायला सांगितले. मेसिआंनी उलट सल्ला दिला, की तुम्हाला गणित येते, वास्तुकला येते, तेच संगीतात वापरा. विद्यार्थ्याला आपल्यासारखे करायचे नाही, हे फार थोड्या गुरूंना जमते.

घरची बाजू मात्र कठीण होती. पत्नी क्लेअर स्वतः उत्तम व्हायोलिनवादक. युद्धानंतर एका शस्त्रक्रियेनंतर तिची स्मृती गेली ती परत आलीच नाही. शेवटपर्यंत, म्हणजे १९५९ पर्यंत, तिला शुश्रूषागृहात ठेवावे लागले. चर्चची नोकरी, विद्यालय, रचना आणि मुलगा पास्काल, सगळे त्यांनी सांभाळले. याच काळात, १९४८ मध्ये त्यांनी दहा भागांची मोठी सिम्फनी पुरी केली. तिला संस्कृत नाव दिले, 'तुरंगलीला'. हेही शारंगदेवाच्या यादीतलेच एका तालाचे नाव. खरे सांगतो, नातीने ती मला मोबाईलवर लावून दिली तेव्हा पहिल्यांदा काही कळले नाही; स्वयंपाकघरातून विचारणा झाली की हा कसला आवाज. तिसऱ्या वेळी मी मात्रा मोजणे सोडून दिले, मग जरा बरे वाटले.

क्लेअरच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी त्यांनी इव्होन लोरिओ या पियानोवादिकेशी लग्न केले. ती त्यांची विद्यार्थिनी, त्यांच्या बहुतेक पियानोरचना तिनेच प्रथम वाजवल्या. मेसिआंना पक्ष्यांचे वेड होते. पहाटे वही-पेन्सिल घेऊन रानात जायचे आणि पक्षी जसा गातो तसे सुरांत उतरवून घ्यायचे. त्यातून तेरा पियानोरचनांची 'पक्ष्यांची सूची' झाली.

२७ एप्रिल १९९२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेवटची मोठी रचना न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदासाठी लिहून ठेवली होती, ती त्यांना ऐकायला मिळाली नाही. नोव्हेंबरमध्ये ती प्रथम सादर झाली, तेव्हा वाद्यवृंदापुढे उभे राहून ती वाजवून घेणारे होते आपल्या मुंबईचे झुबिन मेहता.