खराट्याचा वारकरी : श्री संत गाडगेबाबा

श्री संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट कुळात झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील लवकर गेले. मग मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास मामांच्या घरी गुरं राखून, शेतात राबून ते वाढले. सावकारी कर्जाने शेत कसं जातं, हे त्यांनी मामांच्या घरातच पाहिलं. १९०५ साली भरला संसार सोडून ते निघाले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि फुटकं गाडगं.

बाबांची रीत ठरलेली. गावात शिरलं की आधी झाडायला लागायचं. दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन करायचं. लोकांनाच प्रश्न विचारून ते कर्ज, दारू, पशुहत्या, शिवाशिव यांवर बोलते करीत.

ऋणमोचनला पूर्णा नदीवर यात्रा भरते. तिथे स्नानाला उतरताना माणसं चिखलात घसरत, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल होत. बाबांनी आधी स्वतः हात लावला. मग लोक आले; कुणी अंगमेहनत दिली, कुणी पैसा, आणि घाट उभा राहिला. पुढे सगळीकडे हेच झालं. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथे धर्मशाळा झाल्या. ठिकठिकाणी घाट, विहिरी, पाणपोया, सदावर्तं झाली. लाखोंची कामं झाली, पण बाबा मात्र भाकरी मागूनच खात राहिले. १९५२ साली सगळा कारभार विश्वस्तांच्या हाती दिला. घरच्यांचा हक्क कुठेच ठेवला नाही.

पंढरीत ज्यांना कुणी ओसरीवरही टेकू देत नसे, त्या वारकऱ्यांसाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती वास्तू मुलांच्या वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. वारीत लोक दर्शनबारीला उभे राहत, तेव्हा बाबा चंद्रभागेचं वाळवंट झाडत असत.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव इथे बाबांनी देह ठेवला.

माउली, हे चरित्र आम्ही या शताब्दी ग्रंथात घेतलं, त्याला कारण आहे. आपण मुक्कामाला उतरतो ते कुणाच्या तरी शेतात, शाळेत, देवळात. पाणी पितो ते त्या गावाच्या विहिरीचं, टँकरचं. आपण पुढच्या मुक्कामाला जातो. मागे राहिलेला उकिरडा गावकरी उचलतात. टाळ-मृदंग आपण शंभर वर्षं सांभाळले. आता पहाटे पालखी हलण्याआधी अर्धा तास खराटाही चालला पाहिजे. प्यायच्या पाण्याची जागा घाण न करता सोडली पाहिजे. पंगतीत शेजारी कोण बसला, हे कुणी विचारू नये. एवढं साधलं तर बाबांचं नाव घ्यायला आपलं तोंड उजळ राहील.

राम कृष्ण हरि.