सार्वजनिक काका : वकिली आणि देशी व्यापार

एकोणिसाव्या शतकातील पुण्यात गणेश वासुदेव जोशी या नावाचे एक वकील होते, असे सांगितले तर फारसे कोणाच्या लक्षात येणार नाही. परंतु ‘सार्वजनिक काका’ म्हटले की महाराष्ट्राला ओळख पटते. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे संस्थापक म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. देशी कारागीर आणि लहान व्यापारी यांच्यासाठी त्यांनी जे केले, ते मात्र या मोठ्या नोंदीखाली काहीसे झाकले गेले. व्यापारी समाजाने तरी ते विसरू नये.

काकांचा जन्म 1828 मध्ये साताऱ्यास झाला. वयाच्या विशीत ते पुण्यास आले, न्यायखात्यात नोकरी केली आणि पुढे 1865 मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्यांतून लोकांचे गाऱ्हाणे मांडणारी कायमची संस्था असावी असा विचार पुढे आला आणि 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम होता. वकिलाच्या बुद्धीची छाप या नियमावर स्पष्ट दिसते. ज्याच्या वतीने बोलायचे, त्याचे अधिकारपत्र आधी हाती हवे!

त्या काळी बाजारपेठेची स्थिती काय होती? 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई बंदरात उतरणारा विलायती माल थेट देशावर पोहोचू लागला. यंत्रावरील कापड स्वस्त, तलम आणि मुबलक होते. गावोगावचे विणकर, रंगारी, पिंजारी यांचे धंदे बसत चालले, आणि त्यांच्या मालावर ज्यांचे दुकान चाले ते छोटे व्यापारीही अडचणीत आले. न्यायमूर्ती रानडे यांची 1871 मध्ये पुण्यास बदली झाली. त्यांनी पुढील काळात व्यापार या विषयावर व्याख्याने देऊन या ऱ्हासाची मीमांसा केली. रानडे यांनी विचार दिला. तो पेठेत उतरविण्याचे कष्ट काकांनी अंगावर घेतले.

त्यांनी आरंभ स्वतःपासून केला. 12 जानेवारी 1872 रोजी त्यांनी स्वतः कातलेल्या सुताची खादी वापरण्याचा नियम घेतला आणि तो अखेरपर्यंत पाळला. चरखा देशभर पोहोचण्यास तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षे अवकाश होता. एक प्रतिष्ठित वकील जाड्याभरड्या कपड्यात वावरतो, याचे तत्कालीन सुशिक्षितांना नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. 1877 च्या आरंभी दिल्लीस भरलेल्या भव्य दरबारास सभेचे प्रतिनिधी म्हणून ते गेले, तेही याच वेषात. राजेरजवाड्यांच्या जरतारी थाटात तो साधा खादीचा पोशाख उठून दिसला असणार.

परंतु व्रत घेणे वेगळे आणि व्यापार उभा करणे वेगळे. देशी माल वापरा असे सांगितले, तर तो मिळणार कोठे, हा ग्राहकाचा प्रश्न रास्तच होता. म्हणून काकांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ स्थापन केले. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा नित्य उपयोगाच्या वस्तू येथेच तयार व्हाव्यात यासाठी उत्तेजन दिले. त्यांच्या विक्रीकरिता पुणे, सातारा, मुंबई, नागपूर, सुरत येथे सहकारी तत्त्वावर दुकाने काढण्यात आली. सहकाराचा कायदा देशात 1904 मध्ये आला, हे ध्यानात घेतले म्हणजे या धाडसाची कल्पना येते. कोणा एका धनिकाच्या बळावर विसंबून न राहता अनेकांच्या सहभागातून दुकान उभे करावयाचे, ही कल्पना तेव्हा नवीनच होती.

या उद्योगात काकांना मोठी आर्थिक झीज सोसावी लागली. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला त्याचे कारण सांगावयास नको. देशाभिमानाने ग्राहक एकदा येतो. दुसऱ्यांदा तो दर आणि दर्जा पाहतो. त्यातच सरकारचे जकातीचे धोरण विलायती गिरण्यांना अनुकूल होते. 1879 मध्ये जाड्या सुती कापडावरील आयात जकातही माफ करण्यात आली. वकिलीची मिळकत सार्वजनिक कामात अशी खर्ची पडत असताना त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही स्त्रीविचारवती सभेच्या द्वारे स्त्रियांना एकत्र आणण्याचे काम चालविले होते. प्रपंचाची ओढाताण त्या माऊलीने कशी निभावली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

कोर्टकचेऱ्यांत पैसा आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून काकांनी लवाद कोर्टांची चळवळही चालविली. स्वतः वकील असून पक्षकारांना कोर्टाबाहेर तडजोड सुचविणारा हा गृहस्थ विरळाच! पुढे 1876-77 च्या भीषण दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, त्यातही ते अग्रभागी होते. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. सारे पुणे संशयाच्या छायेत होते. फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. ते वकीलपत्र काकांनी घेतले.

पुढच्याच वर्षी, जुलै 1880 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, 1890 मध्ये, रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली आणि देशी कारागिरी, भांडवल व बाजारपेठ यांचा प्रश्न पुन्हा चर्चेस आला.