पूर्ण मनाने म्हणजे किती? – पंडिता रमाबाईंचं जीवन

आजचं वाचन: मीखा ६:६-८, मत्तय २२:३४-४०, योहान ४:१-३०



आजचे तिन्ही उतारे शांतपणे वाचा आणि मगच पुढे या. मीखा संदेष्टा विचारतो की देवाला नक्की काय हवंय, आणि उत्तरात होमार्पणांची यादी देत नाही. तो न्यायाने वागणं, दयेची आवड आणि देवासोबत नम्रपणे चालणं मागतो. प्रभू येशू सगळं नियमशास्त्र दोन आज्ञांमध्ये आणून ठेवतो: देवावर पूर्ण मनाने प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती. आपल्याला हे सगळं पाठ आहे. पण 'पूर्ण मनाने' म्हणजे नक्की किती? रविवारची आराधना, सेल ग्रुप, दशमांश एवढं झालं की पूर्ण होतं का? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच मातीतल्या एका बाईने आयुष्यभर जगून दाखवलं. आज तिच्याबद्दल वाचू या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. ज्या काळात मुलींना अक्षरओळखही नाकारली जायची, त्या काळात त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी समाजाचा राग ओढवून घेतला. रमाबाई शिकल्या त्या आईकडून. कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगायचं आणि मिळेल त्यावर जगायचं. मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. आई, वडील आणि मोठी बहीण थोड्याच काळात गेले. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी, पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

इथे स्टोरी संपली असती तरी छान झाली असती, नाही का? पण पुढच्या चार वर्षांत भाऊ गेला. जात ओलांडून बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, तर दोन वर्षं व्हायच्या आत कॉलऱ्याने तेही गेले. चोविसाव्या वर्षाच्या आसपास रमाबाई विधवा झाल्या, कडेवर छोटी मनोरमा. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू केला, आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. लक्षात घ्या, हे सगळं त्या ख्रिस्ती होण्याच्या आधीचं आहे. न्यायाची तहान आधीपासून होती. ती तहान घेऊनच त्या विहिरीपाशी आल्या.

१८८३ मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या सिस्टर्सनी त्यांना ठेवून घेतलं. याच सिस्टर्सचं लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होतं. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळायचा. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या थबकल्या. अशा बाईला बाहेर काढायचं असतं एवढंच त्यांनी आजवर पाहिलं होतं. इथे कोणीतरी तिला जवळ घेत होतं, तिची काळजी घेत होतं, तिला पुन्हा उभं करत होतं. हे लोक असं का वागतात, असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना आजचा योहान ४ चा भाग सांगितला: प्रभू येशू आणि शोमरोनी स्त्री. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली, आणि प्रभू तिच्याशी थांबून बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो. रमाबाईंना कळलं की स्त्रीला खरोखर उचलून धरणारा कोणी असेल तर तो हा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे या प्रचंड विद्वान बाईला ख्रिस्ताकडे नेलं ते प्रीतीच्या एका साध्या कामाने. वचन त्यानंतर उघडलं. आपली साक्ष कुठून सुरू होते याचा विचार करायला लावणारी गोष्ट आहे ही.

बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी डोकं गहाण ठेवलं नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. शिकवण समजल्याशिवाय नुसती मान हलवायला त्यांनी नकार दिला. काय मानायचं हे त्या स्वतः पवित्र शास्त्र वाचून ठरवायच्या. वाँटेजच्या सिस्टर्सशी यावरून पत्रांमधून बरेच वाद झाले. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की प्रभूची व्यक्तिगत ओळख त्यांना बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी झाली. तुमच्यापैकी कोणी प्रश्नांमध्ये अडकलं असेल तर हे लक्षात ठेवा. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

१८८६ मध्ये नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार म्हणून पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे जवळपास तीन वर्षं राहिल्या. गावोगावी भाषणं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी असोसिएशन उभी राहिली. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात हललं. विधवा मुलींसाठी शाळा आणि घर. गोदूबाई इथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

आता खरी कसोटी. शारदा सदनात धर्माची सक्ती नाही असा शब्द दिलेला होता. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार बंद करत नसत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेलं. त्यांची चिंताही समजण्यासारखी होती. शाळा म्हणून पाठवलेली मुलगी धर्म बदलेल ही भीती खरी होती. रमाबाईंपुढे सोपा मार्ग होता: दार लावून घ्यायचं. त्यांनी लावलं नाही. मुलींवर जबरदस्ती करणार नाही आणि माझा प्रभू लपवणार नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र धरल्या. किंमत मोजली ती माणसं गमावून.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना उपाशी पोटाने रस्त्यावर चालणं माहीत होतं. त्या स्वतः तिथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. या मुली उच्चवर्णीय नव्हत्या, शिकलेल्या नव्हत्या, कित्येक आजारी होत्या. पुण्यात प्लेग पसरलेला, म्हणून मुक्काम केडगावच्या शेतावर हलला. हेच मुक्ती मिशन. पुणे-दौंड लोकलने जाणाऱ्यांनी हे स्टेशन नक्की पाहिलं असेल. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे सुमारे २००० जणी झाल्या. पण मुक्ती म्हणजे नुसतं अन्नछत्र नव्हतं. शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना हे सगळं बायका चालवायच्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं, म्हणजे फुलहॅममध्ये पाहिलेलं केडगावात उभं राहिलं. मनोरमाने अंध मुलींना ब्रेल शिकवायला सुरुवात केली.

आणि प्रीती करताना त्या न्यायाबद्दल गप्प बसल्या नाहीत. प्लेगच्या काळात सरकारी इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी वर्तमानपत्रात उघड टीका केली. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्यांना सूट दिली नाही. विधवेवर अन्याय करणारी रूढी असो की गोऱ्या साहेबाचं खातं, मोजमाप एकच.

शेवटची बरीच वर्षं गेली बायबलच्या भाषांतरात. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत भाषांतर केलं. खिळे जुळवणं, छपाई हे मुक्तीतल्या स्त्रियांनीच केलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ॲक्सेसिबिलिटीवर मीटिंगा घेतो. या बाईने शेवटच्या युजरसाठी दोन प्राचीन भाषा शिकल्या! १९२१ मध्ये मनोरमा गेली. आपल्यामागे जिच्या हाती काम सोपवायचं तीच आधी गेली. तरी रमाबाईंनी भाषांतर पूर्ण केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या.

मित्रांनो, रमाबाईंच्या आयुष्यात प्रार्थनेचा कप्पा वेगळा आणि न्यायाचा वेगळा असं दिसत नाही. दार उघडं ठेवून प्रार्थना करणारी आणि दुष्काळात गाडी पकडून मुली आणायला जाणारी बाई एकच होती. प्रार्थनेने तिला बाहेर पाठवलं आणि बाहेरच्या दुःखाने तिला परत गुडघ्यावर आणलं. पूर्ण मनाने म्हणजे बहुतेक एवढंच: आयुष्याचा कुठलाही भाग प्रभूला बंद नाही.

मनन करा:
१. माझ्या सोसायटीत, ऑफिसात शोमरोनी स्त्रीसारखं एकटं पाडलेलं कोण आहे? मी तिच्याशी किंवा त्याच्याशी थांबून बोलतो का?
२. आपल्या माणसांचा अन्याय आणि परक्यांचा अन्याय मी एकाच मापाने मोजतो का?
३. या आठवड्यात मी कोणासाठी एक ठोस गोष्ट करणार? नाव लिहा आणि वारही लिहा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू विहिरीपाशी थांबलास, तसं आम्हालाही थांबायला शिकव. आमची प्रीती शब्दांत अडकू देऊ नको आणि आमच्या न्यायात कडवटपणा येऊ देऊ नको. ज्यांच्यासाठी दारं बंद आहेत त्यांच्यासाठी आमचं दार उघडं राहू दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.