सॅम्युएल इझीकेल दिवेकर

सॅम्युएल इझीकेल दिवेकर तथा सामाजी हसाजी दिवेकर (मृत्यू : इ.स. १७९७, कोची) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील देशी अधिकारी व बेने इस्रायल समाजाचे पुढारी होते. मुंबईतील पहिले सिनेगॉग त्यांनी उभारले.

पार्श्वभूमी

बेने इस्रायल हा कोकणातील मराठीभाषक ज्यू समाज होय. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. अठराव्या शतकात त्यांपैकी अनेक कुटुंबे मुंबईस येऊन सैन्यात दाखल झाली. समाजास तोवर स्वतःचे सभास्थान नव्हते; धार्मिक विधी व तंट्यांचा निवाडा ‘काजी’ करीत.

बंदिवास

दुसऱ्या इंग्रज–म्हैसूर युद्धात (१७८०–८४) दिवेकर व त्यांचे बंधू इसाजी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडले. समाजातील परंपरेनुसार, जात विचारली असता त्यांनी ‘बेने इस्रायल’ असे सांगितले. कुराणात या नावाचा उल्लेख असल्याने टिपूच्या मातेने त्यांच्यासाठी रदबदली केली व त्यांचे प्राण वाचले. सुटकेच्या कामी कोचीच्या ज्यूंनी साहाय्य केल्याचेही काही कथनांत आढळते. बंदिवानांची सुटका हे ज्यू धर्मशास्त्रातील थोर कर्तव्य असून बाराव्या शतकातील धर्मशास्त्रकार मैमोनिदीस यांनी ते गरिबांच्या अन्नवस्त्रदानाहूनही अग्रक्रमाचे मानले आहे.

सिनेगॉगची उभारणी

सुटकेच्या कृतज्ञतेपोटी दिवेकरांनी इ.स. १७९६ मध्ये मांडवी भागात सिनेगॉग बांधले. त्याचे हिब्रू नाव ‘शाअर हारहामीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’. समाजाच्या बोलीत सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. विखुरलेल्या कुटुंबांना यामुळे सामुदायिक प्रार्थनेचे स्थान लाभले. पुढे मुकादम, गबई व चौगुले हे पदाधिकारी समाजाचा कारभार पाहू लागले आणि आपसांतील तंटेही तेथेच मिटू लागले. ‘शांततेच्या वाटा’ हे ज्यू धर्मशास्त्रातील मान्य तत्त्व आहे. सभेत तोरा वाचण्याचा मान प्रथम कोणाचा, हा क्रम कलह टळावा म्हणून त्यानुसार ठरलेला असतो. परधर्मीय गरिबांना मदत करणे व त्यांच्या आजाऱ्यांची विचारपूस करणे, हेही त्यातच येते.

मृत्यू व स्मृती

सिनेगॉगसाठी तोराच्या गुंडाळ्या आणण्यास गेले असता इ.स. १७९७ मध्ये कोची येथे त्यांचे निधन झाले. सिनेगॉग इ.स. १८६० मध्ये सध्याच्या जागी हलविण्यात आले. मांडवीतील सॅम्युएल स्ट्रीट हा रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो.